अभिजित नावाची गाडी आणि उसनं इंजिन



गेल्या काही भागांत आपण रणगाडे आणि लष्करी ट्रक यांच्याबद्दल बोललो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे आला. बेळगावहून आला, इंदूरहून आला, बडोद्याहून आला. प्रश्न असा: "साहेब, आपण रणगाडा बनवतो, विमान बनवतो, मग त्याचं इंजिनच बाहेरून का आणतो? यात कमीपणा नाही का?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटणार नाही. म्हणून आज मी तुम्हाला एका छोट्या फ्रेंच मोटार कंपनीची गोष्ट सांगणार आहे. ही कंपनी दहा वर्षं गाड्या विकत होती. या काळात तिने सुमारे २९०० गाड्या बनवल्या आणि पिकासोपासून रिंगो स्टारपर्यंत लोकांनी त्या घेतल्या. उसन्या इंजिनावर तिचं नाव झालं आणि घरच्या इंजिनाने ती बुडाली. कंपनीचं नाव फासेल व्हेगा.

उसनं इंजिन म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी आधी आमच्या शेजारचं एक उदाहरण देतो. मी नोएडात राहतो. इथून यमुना एक्स्प्रेसवेने पुढे गेलं की ग्रेटर नोएडाच्या बाजूला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट लागतं. तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, तिन्ही वेळा गाडी रेड बुलची होती आणि तिन्ही वेळा तिच्यातलं इंजिन रेनॉचं होतं. गाडी एकाची, इंजिन दुसऱ्याचं. त्या गाडीला कोणी कमी लेखलं नाही. तेव्हा उसनं घेतलं की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. तो पुढे सुरू होतो.

पत्र्याचं काम करणारी माणसं

फासेल हे नाव एका लांबलचक फ्रेंच नावाची आद्याक्षरं जोडून झालं आहे. त्याचा अर्थ साधारण 'युर-ए-ल्वार जिल्ह्यातली लोहारशाळा आणि बांधणीचे कारखाने' असा. आपल्याकडे 'नगर जिल्हा लोहारकाम कारखाना' असं नाव असावं तसं. स्थापना १९३९ची. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि काम होतं विमानांसाठी धातूचे भाग बनवण्याचं.

या कंपनीमागचा माणूस म्हणजे जाँ दानिनोस. जन्म १९०६, पॅरिसचा. सित्रोएन कंपनीत मोटारींच्या बॉडीचं काम केलेला, नंतर विमानांच्या कारखान्यात गेलेला. पत्रा कसा वाकतो, कुठे ताण घेतो, स्टेनलेस स्टील कसं घडवायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. युद्ध संपल्यावर विमानांचं काम आटलं. मग फासेलने दुसऱ्या कंपन्यांसाठी मोटारींच्या बॉड्या बनवायला घेतल्या. पानहार्ड, सिम्का, फोर्डची फ्रान्समधली शाखा, अशी गिऱ्हाइकं होती. कामाची प्रत चांगली असल्यामुळे कारखाना नीट चालला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फासेलकडे बॉडीचं ज्ञान होतं, चासीचं ज्ञान हळूहळू येत होतं. इंजिनाचं ज्ञान नव्हतं. ते कधी लागलंच नव्हतं.

त्या काळात फ्रान्समधली जुनी नामांकित घराणी एकामागून एक बंद पडत होती. बुगाटी, डेलाज, डेलाहाय, टाल्बो. युद्धाआधी राजेरजवाडे ज्यांच्या गाड्या मागवत, त्या या कंपन्या. युद्धानंतर सरकारला छोट्या, स्वस्त, निर्यातीला चालतील अशा गाड्या हव्या होत्या आणि मोठ्या इंजिनांवर जबर कर होता. फ्रान्समध्ये इंजिनाला एक 'सरकारी अश्वशक्ती' ठरवून देतात. ती खऱ्या ताकदीशी जुळत नाही, करापुरतीच असते. ठरावीक आकड्याच्या वर गेलात की दरवर्षी भुर्दंड. घरच्या मैदानावरच मोठ्या गाडीला गिऱ्हाईक उरलं नाही.

अशा वेळी दानिनोसने ठरवलं की फ्रान्सची आलिशान गाडी पुन्हा उभी करायची. १९५४ मध्ये, म्हणजे डेलाहायने गाड्या बंद केल्या त्याच वर्षी, त्याची पहिली गाडी लोकांसमोर आली.

व्हेगा म्हणजे अभिजित

गाडीला व्हेगा हे नाव सुचवलं त्याच्या भावाने. भाऊ पिएर दानिनोस हा विनोदी लेखक. त्याच १९५४ साली त्याचं एक पुस्तक गाजलं. त्याचा नायक मेजर थॉम्प्सन हा ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी. तो फ्रान्समध्ये राहतो आणि तिथल्या लोकांच्या सवयींवर भाष्य करत बसतो. नोएडात बसून मराठीत बोलणाऱ्या निवृत्त फौजीला या मेजरसाहेबांबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

व्हेगा हा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक. आपण त्याला अभिजित म्हणतो.

आता गाडी कशी होती ते पाहू. बाहेरून लांब बॉनेट, रुंद तोंड. क्रोमचा मुलामा देण्याऐवजी बंपर आणि पट्ट्या सरळ स्टेनलेस स्टीलच्या. आत कातड्याच्या बैठका आणि विमानाच्या कॉकपिटसारखी घड्याळं आणि बटणं. डॅशबोर्ड उंची लाकडाचा वाटे. प्रत्यक्षात तो धातूचा होता आणि कारागिराने हाताने रंगवून त्यावर लाकडाच्या शिरा काढलेल्या होत्या. ज्या कारखान्याला पत्रा कळतो, तो लाकूडही पत्र्यातूनच काढतो.

आणि इंजिन? ते अमेरिकेचं. क्रायस्लर कंपनीच्या डीसोटो गाडीतलं साडेचार लिटरचं व्ही-८.

डीसोटो हे नाव मुंबईतल्या जुन्या मंडळींना परकं वाटणार नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात याच क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ, डीसोटो गाड्या जोडल्या गेल्या. फार्गो ट्रक आठवत असेल, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे कुर्ला आणि पॅरिस, दोन्हीकडचे लोक इंजिनासाठी एकाच दारात उभे होते. कुर्ल्याला देशात गाडी उभी करायला सुरुवात करायची होती. पॅरिसला जगातल्या उत्तम गाड्यांच्या पंगतीत बसायचं होतं. गरज वेगळी, हिशेब एकच.

तो हिशेब असा. नवीन इंजिन उभं करायचं म्हणजे साचे, ओतकाम, यंत्रं, चाचण्या, आणि हे सगळं होईपर्यंत काही वर्षांचा खर्च. तो खर्च लाखभर इंजिनांवर वाटला तर एका इंजिनामागे थोडा पडतो. तीनशे इंजिनांवर वाटला तर गाडी विकणंच अशक्य होतं. क्रायस्लर ते इंजिन हजारोंनी बनवत होती. लाखो मैल चालून त्याचे दोष निघून गेलेले होते. दुरुस्ती करणारे मेकॅनिक देशोदेशी होते. फासेलने ते विकत घेतलं आणि आपली सगळी बुद्धी बॉडी, बैठक आणि बांधणी यावर लावली. छोट्या कारखान्याने असंच करावं.

वेग आणि वजन

पुढची पाच वर्षं कंपनीने गाडी सुधारत नेली. इंजिन मोठं होत गेलं. १९५८च्या सुमारास आलेली एचके ५०० ही गाडी ताशी २२० किलोमीटरच्या पुढे जात असे. चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन एवढ्या वेगाने जाणाऱ्या गाड्या तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शर्यतपटू स्टर्लिंग मॉस स्वतःच्या वापरासाठी ही गाडी चालवत असे. ज्याचा धंदाच गाडी चालवण्याचा, त्याने स्वतःसाठी कुठली निवडली, हे जाहिरातीपेक्षा जास्त सांगतं.

पण वजनही वाढत होतं. बरंचसं वजन पुढे, जड लोखंडी इंजिनाचं. सुरुवातीच्या गाड्यांना ड्रम ब्रेक होते, आणि एवढं वजन एवढ्या वेगावरून थांबवताना ड्रम तापत. नंतर डिस्क ब्रेक आले. चार दारांची एक्सलन्स ही मोठी गाडीही कंपनीने काढली. तिची दारं मधून दोन्ही बाजूंना उघडत आणि दोन दारांमध्ये खांबच नव्हता. दिसायला राजेशाही. पण मधला खांब काढला की सांगाडा वळणावर पिळवटतो आणि दारं नीट बसेनाशी होतात. पत्रा कळणाऱ्या कारखान्यालाही भौतिकशास्त्र सूट देत नाही.

या कंपनीचं नाव जगभर ज्या घटनेमुळे गेलं ती दुःखद होती. ४ जानेवारी १९६० रोजी नोबेल विजेता लेखक आल्बेर कामू याचा अपघातात मृत्यू झाला. गाडी होती फासेल व्हेगा एफव्ही३बी, चालवत होता त्याचा प्रकाशक मित्र मिशेल गालिमार. व्हिलब्लव्हाँ या गावाजवळ गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. कामू जागीच गेला, गालिमार काही दिवसांनी. कामूच्या खिशात आगगाडीचं न वापरलेलं तिकीट सापडलं. सामानात त्याच्या अपुऱ्या कादंबरीचं हस्तलिखित होतं.

अनेक मराठी वाचकांनी कामू वाचलेला आहे, पण त्या गाडीचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. काही लोक म्हणतात, या अपघाताने कंपनी बुडाली. तसं झालं नाही. कंपनी बुडाली ती त्याच सुमारास विक्रीला आलेल्या एका छोट्या, देखण्या गाडीमुळे.

घरचं इंजिन

मोठ्या गाडीचं गिऱ्हाईक मोजकं होतं आणि फ्रान्समधला कर कमी होण्याचं चिन्ह नव्हतं. दानिनोसने विचार केला की आता लहान स्पोर्ट्स गाडी काढू, जास्त संख्येने विकू, आल्फा रोमिओ आणि पोर्शेच्या गिऱ्हाइकाला आपल्याकडे वळवू. आणि ही गाडी पूर्ण फ्रेंच असेल, इंजिनासकट. विचार चुकीचा नव्हता. देशाभिमान होता आणि धंद्याचं गणितही होतं.

या गाडीचं नाव फासेलिया. १९५९च्या पॅरिस प्रदर्शनात ती आली. इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं, वर दोन कॅमशाफ्ट असलेलं. ते बनवलं पाँ-ता-मूसाँ या कंपनीने. ही कंपनी मुळात पाण्याच्या बिडाच्या नळांसाठी प्रसिद्ध. फासेलच्या मोठ्या गाड्यांचे गिअरबॉक्सही तीच बनवत होती आणि ते उत्तम होते. साहजिकच वाटलं, गिअरबॉक्स चांगला करतात, इंजिनही करतील.

गडबड कुठे झाली, ते समजून घेऊ. इंजिनात व्हॉल्व्ह असतात. ते उघडले की हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरे उघडले की जळलेला वायू बाहेर जातो. ते नेमक्या क्षणी उघडायचं काम कॅमशाफ्ट नावाचा लांब दांडा करतो. तो मिनिटाला हजारो वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला उलट ढकलतात. म्हणून त्याला ठिकठिकाणी आधार लागतो. त्या आधाराला बेअरिंग म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात असे चार-पाच आधार देण्याची पद्धत होती. फासेलियाच्या इंजिनात कॅमशाफ्टला दोनच दिले होते.

घरात कपडे वाळत घालायची लांब काठी आठवा. दोन्ही टोकांना टांगलेली. मध्ये ओली चादर टाकली की काठी वाकते. तसाच हा दांडा वेगात लवायचा. तो लवला की व्हॉल्व्हची वेळ चुकायची, ज्वलन बिघडायचं, उष्णता वाढायची आणि पिस्टन जळायचे. गिऱ्हाईक नवी कोरी गाडी घेऊन सहलीला निघायचं आणि वाटेत धूर.

हे प्रदर्शनात कळलं नाही. कारखान्याच्या आवारातही पुरेसं कळलं नाही. ते कळलं गिऱ्हाइकांच्या हातात. हमी दिलेली होती, त्यामुळे इंजिनं बदलून द्यावी लागली. प्रत्येक बदलाचा खर्च फासेलवर. १९६१ मध्ये दानिनोसला कंपनीच्या प्रमुखपदावरून जावं लागलं. पुढच्या वर्षी कारभार धनकोंच्या देखरेखीखाली गेला.

गंमत बघा, याच काळात मोठ्या गाड्या अजूनही सुंदर निघत होत्या. १९६२ मध्ये आलेली फासेल २ ही कंपनीची सर्वांत उत्तम गाडी मानली जाते. रिंगो स्टारने घेतली ती हीच. १९६३ मध्ये लहान गाडीतही शहाणपण आलं. तिच्यात स्वीडनच्या व्होल्वोचं इंजिन बसवलं आणि तिचं नाव फासेल ३ ठेवलं. ते इंजिन दणकट होतं, पिस्टन जळायचे थांबले. पण गिऱ्हाइकाचा विश्वास गेला होता. १९६४च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद झाला.

पुण्याची गोष्ट

इथवर ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे साहेब, घरचं इंजिन बनवूच नये." नाही मंडळी, असं मी म्हणत नाही. त्यासाठी पुण्याचं उदाहरण घेऊ.

टाटांची इंडिका १९९८च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. पिंपरीच्या कारखान्यात बनलेली, इंजिन घरचं. थोड्याच दिवसांत नोंदणी लाखाच्या वर गेली. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. आवाज, टायर, बारीकसारीक भाग. २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. अनेकांनी लिहिलं की ट्रकवाल्यांनी मोटारीच्या नादी लागायला नको होतं.

पण कंपनीने गाडी मागे घेतली नाही. गिऱ्हाइकांना बोलावून दोष दुरुस्त करून दिले, प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी गेले, आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-२ आणली. ती गाडी अजूनही महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात टॅक्सी म्हणून धावताना दिसेल.

फासेलिया आणि इंडिका, दोघींची सुरुवात वाईट झाली. एक बुडाली, एक तरली. फरक कशात होता? टाटांच्या मागे अनेक दशकांचा ट्रकचा धंदा होता. डिझेल इंजिन बनवणारे, मोडलेलं इंजिन उघडून दोष शोधणारे लोक घरातच होते. आणि एक वर्ष तोटा सोसायची ताकद होती. फासेलकडे यातलं काहीच नव्हतं. इंजिन दुसऱ्याचं, त्या दुसऱ्याचाही या कामाचा हात नवा, आणि गाठीला पैसा नाही.

कारखाना बुडाला की भोगतं कोण? इथे सूरजपूरला, ग्रेटर नोएडातच, देवूचा मोठा कारखाना होता. सिएलो आणि मॅटिझ या गाड्या तिथे बनत. कोरियातली मूळ कंपनी कोसळली आणि इथलंही काम थांबलं. ज्यांनी कर्ज काढून गाडी घेतली होती, ते सुट्या भागांसाठी करोल बागेपासून काश्मिरी गेटपर्यंत फिरत राहिले. म्हणून कंपनी टिकेल का, हा प्रश्न गिऱ्हाइकाचाही असतो.

मग आपल्या रणगाड्याचं काय

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अर्जुन रणगाड्यात जर्मनीच्या एमटीयू कंपनीचं १४०० अश्वशक्तीचं इंजिन आहे. तेजस विमान अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनावर उडतं. तेजससाठी आपण कावेरी इंजिन करायला घेतलं होतं, पण २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. कावेरीची वाट बघत तेजस जमिनीवर ठेवला असता, तर विमानही गेलं असतं आणि ते बनवणारी माणसंही पांगली असती. उसनं इंजिन बसवलं म्हणून विमान उडालं, त्यातून शिकता आलं. या अर्थाने तो निर्णय शहाणपणाचा होता.

पण उसनवारीची एक किंमत असते. फासेलला इंजिन देणारी क्रायस्लर उद्या देणार नाही अशी भीती नव्हती, कारण गाडी श्रीमंतांच्या शौकाची होती. रणगाड्याचं तसं नाही. नेमक्या गरजेच्या वेळी समोरचा देश हात आखडता घेऊ शकतो. त्यामुळे घरचं इंजिन करावंच लागेल. बीईएमएलच्या म्हैसूरच्या कारखान्यात मार्च २०२४ मध्ये रणगाड्यासाठीच्या १५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी झाली. आनंदाची गोष्ट आहे. मात्र पहिल्यांदा इंजिन सुरू झालं म्हणजे ते तयार झालं असं नव्हे.

फौजेत गाडी घेण्याआधी तिला राजस्थानच्या वाळूत पळवतात, लडाखच्या थंडीत रात्रभर उभी ठेवून पहाटे सुरू करतात. आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाहन संशोधनाची डीआरडीओची संस्था आहे. गाड्यांना छळण्यासाठीच तिथे खास रस्ते बांधले आहेत. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं रेंगाळणं वाटतं. "अजून किती वर्षं चाचण्याच करणार?" असं टीव्हीवर विचारलं जातं. त्यांना माझं सांगणं एवढंच, की दोन बेअरिंगवर फिरणारा दांडा प्रदर्शनातल्या दिव्यांखाली वाकत नाही. तो वाकतो हजारो किलोमीटरनंतर, घाटात, उन्हात. तो आपल्या हातात असताना वाकला पाहिजे, जवानाच्या हातात नव्हे.

तर बेळगाव, इंदूर आणि बडोद्याच्या मित्रांना माझं उत्तर असं. उसनं इंजिन घेण्यात कमीपणा नाही. त्या काळात आपली माणसं इंजिन उघडायला, मोजायला, बिघडवून पुन्हा जुळवायला शिकत असतील, तर ती उसनवारी फळाला येते. घरचं इंजिन तयार झालं की त्याला पुरेसा वेळ आणि पैसा द्यायचा, आणि पहिल्या बिघाडाला डगमगायचं नाही. फासेलने उसन्या इंजिनाच्या काळात उत्तम गाड्या बनवल्या, पण इंजिन शिकून घेतलं नाही. मग अभिमानाच्या भरात ते एकदम बाजारात आणलं.

जाँ दानिनोस २००१ पर्यंत जगला. त्याच्या गाड्या आज संग्राहकांकडे जपून ठेवलेल्या आहेत आणि लिलावात त्यांना मोठी किंमत येते. त्यातल्या सर्वाधिक किमतीच्या गाड्या त्या अमेरिकन इंजिनाच्याच.

पुढच्या भागात आपण गिअरबॉक्सबद्दल बोलू, कारण रणगाड्यात इंजिनाइतकंच तेही अवघड प्रकरण आहे. तोवर तुमचे प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.